कृष्णाबाईची उरलेली तोडी

चौऱ्याहत्तर सालच्या श्रावणात पेणच्या बाजारात एक कुजबुज फिरत होती, आणि ती इतकी चवदार होती की पुढच्याच्या कानात सोडल्याशिवाय कोणाच्या पोटात राहत नव्हती. कुजबुज अशी : गणपतीच्या कारखान्यात डोळे आखणारी कृष्णाबाई, देवांना एकेका डोळ्यानं तसंच ठेवून, रेडिओवाल्या मुरादबरोबर रोह्याला पळाली. तीन दिवस त्याच्या घरी राहिली. चौथ्या दिवशी नवरा जाऊन तिला घेऊन आला. आणि त्या बिचाऱ्याच्या डोक्यावर असा परिणाम झाला की कोणी काही विचारलं तर एवढंच म्हणायचा, "गाणं चांगलं व्हतं."

पुरावा म्हणाल तर होता. मुरादचं दुकान गुरुवारपासून बंद, फळीवर कुलूप. रविवारी सकाळी कृष्णाबाई हातात पिशवी घेऊन रोह्याच्या एसटीत चढताना दोन भाजीवाल्यांनी पाहिलेली. पेणकरांना एवढं पुरतं. खरं म्हणजे पेणकरांना कुलूपसुद्धा लागत नाही, पण या वेळी ते आयतं मिळालं होतं.

कृष्णाबाई तेव्हा चाळिशीची. अंगानं किरकोळ, पण बोलायला लागली की समोरच्याची उंची वीतभर कमी व्हायची. बाप भात आणि वाल पिकवणारा. लग्न होऊन पेणला आली ती पोपटच्या घरात. नाव पोपट, पण दिवसाकाठी चार शब्द बोलला तर त्याची आई हौसाबाई ताप तर नाही ना म्हणून कपाळाला हात लावून बघायची. पोपट महिपतीशेठच्या गणपतीच्या कारखान्यात मूर्ती पेंढ्यात बांधायचा. त्याच्यामागोमाग कृष्णाबाईही तिथं लागली. आधी शाडू मळायला, मग रंग कालवायला, आणि एक दिवस आखणीवाला रागावून निघून गेला तेव्हा हिनं न विचारता ब्रश उचलला.

आखणी म्हणजे डोळे काढण्याचं काम. ते सगळ्यात शेवटी होतं. सोंड, मुकुट, पितांबर सगळं झालेलं असतं, पण डोळे नसतात तोवर तो नुसता रंगवलेला शाडू. भुवईची कमान, पापणीची रेघ, बुबुळ, आणि त्यात पांढरा ठिपका. ठिपका पडला की मूर्ती तुमच्याकडे बघायला लागते. कृष्णाबाईनं आखलेली मूर्ती तर अशी बघायची की माणूस आपण काल काय केलं ते आठवायला लागे. महिपतीशेठनं बाईच्या हाती ब्रश बघून आधी तोंड वाकडं केलं, पण मूर्ती बघून ते सरळ झालं. गिऱ्हाइकं पुढच्या वर्षी "त्याच हाताचे डोळे" मागायला लागली.

या कारखान्याचे आखणीचे दोन नियम होते, महिपतीशेठच्या वडलांनी घालून दिलेले. एक, मूर्तीचे दोन्ही डोळे एकाच हातानं, एकाच बैठकीत व्हायचे. दोन, आखलेला डोळा पुसायचा नाही, बरा निघो वा वाईट. कारखान्यात बाकी कशाचा काही नियम नव्हता, चहासुद्धा शेठच्या मर्जीनं यायचा. पण हे दोन मोडले असं कधी झालं नाही.

आता गाण्याकडे येतो. मुरादचं दुकान बाजाराच्या कोपऱ्यावर. रेडिओ दुरुस्ती, जुने ग्रामोफोन, जुन्या तबकड्या. मुराद मूळचा रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावचा, आठवडाभर पेणला दुकानाच्या माळ्यावर झोपायचा आणि जुम्म्याला घरी जायचा. अठ्ठावन्न साली एकदा तो एक तबकडी तपासत होता. बाहेरून डोक्यावर टोपली घेतलेली कृष्णाबाई चालली होती. ती थांबली. टोपली तशीच डोक्यावर. तबकडी मनूबाई आंजर्लेकरांची. सकाळचा राग, तोडी. साडेतीन मिनिटं झाली आणि तबकडी खरखरायला लागली.

"पुढं?" कृष्णाबाईनं विचारलं.

"पुढं काय? संपली."

"गाणारीन संपली?"

"नाय बाय, तबकडी संपली. तिच्यात एवढंच बसतं."

"म्हंजे ती पुढं गातच असंल."

मुराद हसला. त्याच्या आयुष्यात तबकड्या विकत घेणारी पुष्कळ माणसं आली होती, पण न मावलेलं गाणं मागणारी ही पहिलीच. त्या दिवसापासून कृष्णाबाईनं तोडीचा नाद धरला. तीच तबकडी घेतली, किल्लीचा एक जुना ग्रामोफोन घेतला, आणि दोन्ही घरी आणले. हौसाबाईनं उंबऱ्यातच अडवलं.

"बाईच्या जातीनं गाणं ऐकावं तर आरतीचं. ही कोण कुठली घशातनं रडतेय, ती कशाला हवी?"

"रडत नाय ती. भांडतेय."

"कोणाशी गो?"

"तेच तर ऐकते हाय ना!"

हौसाबाईनं ग्रामोफोन भाताच्या कणगीत पुरून ठेवला. कृष्णाबाईनं कणगी उपसली, भात अंगणभर पसरला आणि त्या भाताच्या मधोमध बसून तोडी लावली. तीनदा. शेजारपाजार जमला. हौसाबाई आतून ओरडत होती आणि पोपट गुपचूप सुपानं भात गोळा करत होता, पण सुईपासून लांबून, धक्का लागू नये म्हणून. त्या घरात पुन्हा ग्रामोफोन कोणी लपवला नाही.

सोळा वर्षं गेली. मनूबाईंच्या तबकड्या चारच निघाल्या होत्या, लाँग प्ले, म्हणजे लांबलचक वाजणारी मोठी तबकडी, त्यांनी केलीच नाही. दुसऱ्या गवयांच्या लाँग प्ले निघायला लागल्या तशा कृष्णाबाईनं त्याही घेतल्या, चार. गंमत अशी की तिच्या किल्लीच्या यंत्रावर लाँग प्ले वाजतच नाही. मुरादनं सांगून पाहिलं. ती म्हणाली, "राहूंदे. यंत्र येईल तवा येईल." तोवर ती पाकिटामागचा मजकूर वाचायची. कोणता राग, तबल्याला कोण, किती मिनिटं. एका बाजूला बावीस मिनिटं लिहिलेलं वाचून ती अर्धा दिवस खुशीत होती. न ऐकता. आता अशा बाईला पेणनं काय म्हणावं? पेणनं म्हटलंच.

वाचायला शिकली तीच या नादापायी. वाचनालयात मनूबाईंच्या गाण्यावर एक पुस्तक होतं, कुणा विद्वानानं लिहिलेलं. कृष्णाबाई ते पाच वेळा घरी घेऊन गेली. पाचव्या वेळी परत केलं तेव्हा ग्रंथपाल दिनानाथ चष्मा पुसून उभाच राहिला. पुस्तकात लिहिलं होतं की या साडेतीन मिनिटांत संपूर्ण तोडी सामावलेली आहे. समासात पेन्सिलीनं लिहिलेलं : खोटं. ही अर्धीबी नाय.

"कृष्णाबाई, पुस्तकावर लिहायचं नसतं."

"मंग खोटं छापायचंबी नसतं."

"अहो, ते मोठे जाणकार आहेत. तुम्ही काय मनूबाईंना समोर बसून ऐकलंय?"

"त्यांनी ऐकलंय?"

दिनानाथनं टोमणा मारला. फळ्यावर लावलेला एक कागद दाखवून म्हणाला, "मग जा की. वाचता येतं ना?" कागदावर होतं : रोह्याच्या गायनप्रेमी मंडळींतर्फे मनूबाई आंजर्लेकर यांची बैठक. वय लक्षात घेता ही शेवटचीच. रविवार, सकाळी नऊ. सर्वांस मुक्त प्रवेश.

सकाळी नऊ! तोडी सकाळची. आणि बैठका होतात रात्रीच्या, तिथं तोडी कोण गाणार? सोळा वर्षांत पहिल्यांदा ती बाई ते गाणं त्याच्या वेळेवर आणि तीस मैलांच्या आत गाणार होती. पुन्हा कधी गाणार नव्हती. कृष्णाबाई तशीच कारखान्यात गेली.

"शेठ, रविवारी मी नाय."

महिपतीशेठ मुंबईच्या मंडळांच्या अकरा मोठ्या मूर्ती बघत उभा होता. अकराच्या अकरा बिनडोळ्यांच्या. मंगळवारी ट्रक लागायचा होता.

"रजा दोन कारणानं मिळते. मयत नायतर लगीन. यातलं काय हाय?"

"दोन्ही नाय. तिसरं हाय. गाणं ऐकायला रोह्याला जाते."

शेठला वाटलं थट्टा आहे. तो हसला. ती हसली नाही, तेव्हा त्याचं हसणं मध्येच राहिलं.

"गाणं रेडिओवर ऐक की."

"रेडिओवर साडेतीन मिनटं वाजतं. मला चौथं मिनिट ऐकायचं हाय."

"आन् माझे गणपती?"

"सांजच्याला येते. सोमवारी दिवसभर बसते. मंगळवारी ट्रकात अकराच्या अकरा डोळस."

"नाय जमायचं. गेलीस तर परत पाय ठेवायचा नाय."

"बरं," कृष्णाबाई म्हणाली आणि ब्रश धुऊन ठेवले. ते 'बरं' ती इतक्या गरीब आवाजात म्हणाली की शेठला वाटलं, जिरली.

पण शनिवारी त्याचा धीर सुटला, कारण पोपटनं मूर्ती बांधता बांधता दोन शब्द उच्चारले, "ती जाणार." पोपट बोलतो म्हणजे नक्कीच. तेव्हा महिपतीशेठनं एक डोकं लढवलं. कृष्णाबाई देवभोळी नसली तरी आखणीच्या बाबतीत कडक आहे हे त्याला ठाऊक होतं. एका डोळ्याची मूर्ती सोडून ती उठायची नाही. मग झालं तर!

रविवारी सकाळी ती एसटीकडे निघाली तर कारखान्याचं दार उघडं. शेठ दारात, धोतराला काळा रंग लागलेला.

"ये, बघून जा."

ती आत गेली. पहिल्या चार मूर्तींना उजवा डोळा काढलेला होता. डावीकडे नुसता पांढरा खळगा.

"सुरवात झालीय," शेठ म्हणाला. "आता देवाला असा काणा ठेवून तू गाणं ऐकायला जातेस का बघू."

कृष्णाबाई एकेका मूर्तीजवळ गेली. वाकून बघितलं. पापणीची रेघ दोन ठिकाणी थरथरली होती.

"हात कोणाचा?"

"माझा. कोणाचा असणार?"

"मंग बरं झालं," ती म्हणाली. "नियम तुमच्याच वडलांचा. एका मूर्तीला एक हात. डावे डोळेबी तुमीच आखायचे, शेठ. आन् पुसायचं तर नाव काढू नका. बसा लवकर, एका बैठकीत करायचे असतात."

बेत करताना शेठला नियमाचा निम्माच भाग आठवला होता. बाकीचा निम्मा आता आठवला. त्याचा चेहरा त्या चौघांपेक्षाही काणा झाला असं म्हणतात. तिच्या पाठीवर तो ओरडला, "कृष्णे! परत आलीस तर बघ!"

"आले तर ऐकून येईन," ती म्हणाली आणि गाडी पकडली. पिशवीत भाकरी होती आणि त्या चार लाँग प्ले. रोह्यात मुरादच्या घरी रेडिओग्राम होता, रेडिओ आणि लाँग प्ले वाजवणारं यंत्र एकाच पेटीत. एका गिऱ्हाइकानं दुरुस्तीला टाकला आणि न्यायला कधी आलंच नाही, तो.

रोह्याला एका शाळेच्या सभागृहात सतरंज्या घातल्या होत्या. पुढं गावातली वजनदार मंडळी, इस्त्रीची, तक्क्याला टेकलेली. बायका मागे भिंतीशी. कृष्णाबाई चपला हातात घेऊन सरळ पुढं गेली आणि तिसऱ्या ओळीत बसली. शेजारच्या गृहस्थानं धोतराचा सोगा आवरून घेतला. तिनं त्याला आणखी थोडं सरकवलं.

मनूबाई सत्तरीच्या. दोघींनी धरून आणून बसवल्या. आवाज जुना, काठांवर विरलेला, पण सूर लागला की जागचा हलत नव्हता. आधी त्यांनी दुसरं काही गायलं. मग तक्क्यांकडून फर्माईश आली, "तबकडीतली तोडी होऊ द्या!" सगळ्यांनी टाळ्या दिल्या. मनूबाईंनी डोळे मिटले आणि गायल्या. तीच सुरुवात, तीच तान, तोच तिसऱ्या मिनिटाचा वळसा आणि तीच शेवटची तिहाई. हुबेहूब. साडेतीन मिनिटं. आणि थांबल्या.

टाळ्यांचा कडकडाट झाला. एक वकील रुमालानं डोळे पुसत होते. संयोजक हार घेऊन उठले. तेवढ्यात तिसऱ्या ओळीत कृष्णाबाई उभी राहिली.

"बाई, पुढचं?"

सभागृह वळून बघायला लागलं.

"बसा हो खाली," मागून कोणी म्हणालं. "संपलं ते."

"संपलं नाय. हितपर्यंत मी सोळा वर्सं ऐकलंय. याच्या पुढचं ऐकायला आलेय. काम सोडून आलेय."

"कोण आहे ही?" संयोजक म्हणाले. "बाई, कलावंताचं वय काय, आपण काय बोलता? हे काय बाजारात..."

"तुमी थांबा. मी त्यांना विचारलंय."

मनूबाईंनी हात वर करून हार थांबवला. "कुठून आलात?"

"पेणास्नं. गणपतीचे डोळे आखते. आमच्यात एक डोळा काढून कोणी उठत नाय, बाई."

मनूबाई हसल्या. पुढचे दोन दात नव्हते. म्हणाल्या, "चौतीस साली तबकडी भरताना साहेबानं हात वर केला, म्हणून थांबले. त्यानंतर जिथं जाते तिथं लोकांना तेवढंच हवं असतं. थोडं पुढं गेलं की चुळबुळ करतात. चाळीस वर्षांत पुढचं कोणी मागितलं नाही." मग तबलजीकडे वळून म्हणाल्या, "घ्या. ठेका धरा. आणि घड्याळ काढून ठेवा."

त्या सव्वा तास गायल्या. पाऊण तासानं तक्क्यांवरचे काही उठून गेले, पाहुण्यांसाठी केलेला भात निवला, संयोजक हार धरून धरून शेवटी तो मांडीवर घेऊन बसले. कृष्णाबाई मांडी न बदलता ऐकत होती. पुढं काय होतं, असं तिला पुढं पुष्कळांनी खोदून विचारलं. ती सांगायची, "आता होणार, होणार असं मला सोळा वर्सं वाटत व्हतं ना? ते झालंच नाय. भलतंच झालं." याहून जास्त ती कधी बोलली नाही, आणि जे नावं ठेवायचे त्यांच्याशी तर एवढंही नाही.

बाहेर येऊन तिनं अष्टमीला मुरादच्या घराची कडी वाजवली. हो, मुरादच्याच. कुजबुजवाल्यांना एवढं यश देऊन टाकू. संध्याकाळच्या गाडीनं परतायचं होतं, पण काम तर सुटलंच होतं, मग घाई कशाची? ती राहिली.

इकडं पेणला महिपतीशेठचे हाल कुत्रा खात नव्हता. दुसरे आखणीवाले सगळे आपापल्या कारखान्यांत अडकलेले. चार डावे डोळे शेठनंच काढले. वडलांच्या नियमाला दुसरा इलाज नव्हता. ते देव निघाले ते असे, की एका डोळ्यानं भक्ताकडं बघत होते आणि दुसऱ्यानं मोदकाकडं. त्यातले तीन मंडळांनी कसेबसे नेले, चौथा कोणी घेईना, तो शेठला स्वतःच्या घरी बसवावा लागला. शेठाणीनं दहा दिवस नवऱ्याशी अबोला धरला. उरलेल्या सात मूर्ती मात्र तशाच, आणि मंगळवारी सकाळी ट्रक दारात. ट्रकवाला भोंगा वाजवायचा आणि शेठ पोपटकडे बघायचा.

"पोपट, जा बाबा. घेऊन ये तिला."

पोपट गेला. बुधवारी दोघं परत आली. कृष्णाबाई कारखान्यात शिरली ती ब्रशाकडे न जाता मधोमध उभी राहिली.

"शेठ, पाय ठेवलाय."

"ठेवलास ना. आता बस."

"दोन नियम तुमच्या वडलांचे. आजपासून दोन माझे. आखणीच्या खोलीत ग्रामोफोन वाजेल. आन् रजा तीन कारणानं मिळेल. मयत, लगीन आन् गाणं."

"गणपतीसमोर ते असलं गाणं?"

"विद्येचा देव हाय तो. त्याला काय जलमभर आरत्याच ऐकवायच्या?"

बाहेर कालपासून उभ्या ट्रकाचा भोंगा वाजला. शेठनं मान हलवली. ती हो होती की नाही हे कळायच्या आत कृष्णाबाई बसली आणि संध्याकाळपर्यंत सात जोड्या डोळे करून उठली. दुसऱ्या दिवशी ग्रामोफोन आला. पुढच्या वर्षी मातीकामाच्या केरूनं कबड्डीची रजा मागितली, तेव्हा शेठ म्हणाला, "हे सगळं त्या बाईनं केलंन." पण दिली.

कुजबुज मात्र थांबली नाही. वाण्याच्या दुकानात तिला बघून बायका पदरात हसायच्या. हौसाबाईनंसुद्धा एकदा म्हटलं, "सांगून टाक ना गो लोकांना काय ते." कृष्णाबाई म्हणाली, "मी कशाला सांगू? ज्याला ठाऊक करून घ्यायचंय त्यानं मला विचारावं." रोह्याला कोणापाशी राहिली हे तिला तोंडावर विचारायची कोणाची हिंमत झाली नाही. पोपटला विचारायचे, आणि तो त्याचे ते तीन शब्द सांगायचा. पुढं ती पंचवीस वर्षं डोळे आखत राहिली, रोह्याला, पनवेलला, अलिबागला बैठकांना जात राहिली, दर वेळी पुढं बसली, आणि कोण काय म्हणतं याची चौकशी तिनं कधी केली नाही.

खरं एवढंच. मुराद त्या गुरुवारी मुंबईहून कुवेतला कामाला गेला होता. तिकडून पहिलं पत्र येईपर्यंत त्याच्या घरचे कोणाला सांगणार नव्हते, नजर लागते म्हणून. अष्टमीच्या घरात त्याची बायको अमीना होती आणि म्हातारी आई होती. कृष्णाबाई तीन दिवस त्या दोघींपाशी राहिली आणि रेडिओग्रामवर आपल्या लाँग प्ले ऐकल्या. पोपट मंगळवारी दुपारी पोचला, त्यानंही ऐकल्या, आणि बुधवारी सकाळच्या एसटीनं नवराबायको पेणला आली.